वीतभर केबल

९ जानेवारी

काम मिळालं! काम मिळालं! दोनदा लिहिलं तरी समाधान नाही, म्हणून आणखी एकदा: काम मिळालं!

बागेतल्या आकाशपाळण्याचं सगळं वीजकाम आमच्याकडे आलं. पाळणेवाले काका पाळण्याला नवीन मोटर आणि नवीन दिवे लावताहेत. जुनं पॅनेल जाऊन नवं येणार आणि त्याला भलीमोठी केबल जोडायची. वीस फेब्रुवारीला पाळणा लोकांसाठी उघडणार. त्याआधी तपासणीसाहेब येऊन बघून जाणार.

‘आमच्याकडे’ म्हणजे मी आणि ताई. ताई माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. नणंद-भावजयीची इलेक्ट्रिकल फर्म म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, भांडता किती? आम्ही भांडत नाही. भांडायला दोघींनी बोलावं लागतं. बोलते मी. ताई मापं घेतात. मी सारखी गरागरा फिरत असते म्हणून त्यांनी माझं नाव भिंगरी ठेवलंय, आणि आता घरात सगळे तेच म्हणतात.

आमच्या फर्मचा नियम एकच, आणि तो ताईंचा. कामाला हात लावण्याआधी अंगावरचं सगळं धातूचं उतरवायचं. त्यांनी पूर्वीच्या नोकरीत एका माणसाच्या अंगठीवरून ठिणगी उडालेली बघितलीय. त्यासाठी पेपरमिंटची एक रिकामी डबी आहे. रोज सकाळी मी त्यात माझं कडं, अंगठी आणि घड्याळ टाकते. ताई काही टाकत नाहीत, त्यांच्या अंगावर काही नसतंच. डबी सांभाळायचं काम माझं.

एक गोष्ट मात्र आनंदात खडा टाकते. दुसऱ्या शहरातल्या कारखान्याने ताईंना बोलावलंय, वीज विभागाच्या प्रमुख म्हणून. पुढच्या महिन्याअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय. मी विचारलं तर म्हणाल्या, “हे काम होऊ दे, मग बघू.” त्यांचं ‘बघू’ मला कधी कळलेलं नाही. वीजकामाचा परवाना आता माझ्याकडेही आहे. पण एकटीने काम करता येतं एवढंच त्या परवान्यावर लिहिलंय. एकटीने करावंसं वाटेल असं कुठे लिहिलंय?

असो. काम मिळालं!

११ जानेवारी

केबल बघून आले. मनगटाएवढी जाड! आत चार गाभे, प्रत्येक गाभ्यात ॲल्युमिनियमच्या तारांचा जुडगा. काकांच्या माणसांनी ती आधीच चरातून टाकून ठेवलीय, आणि पॅनेलच्या खोलीबाहेर तिचं ऐसपैस वेटोळं पडलंय. ताईंनी टेप लावून बघितली. “भरपूर आहे,” म्हणाल्या.

आता प्रश्न लगचा. लग म्हणजे केबलच्या टोकाला बसणारी धातूची टोपी. एका बाजूला नळी, दुसऱ्या बाजूला भोक पाडलेली चपटी जीभ. नळीत तारा घालायच्या, बाहेरून जबरदस्त दाबायचं, आणि जीभ पॅनेलच्या पट्टीवर बोल्टने आवळायची. दाब कमी पडला तर आत फटी राहतात, जोड तापतो, आणि एक दिवस माणसं वर लटकलेली असताना पाळणा बंद पडतो. (हे मी डायरीला का समजावतेय? शिकू दे की तिलाही.)

आमची जुनी क्रिम्पिंगची, म्हणजे लग दाबायची, पकड अंगठ्याएवढ्या लगपर्यंतच चालते. या लगमध्ये माझा अंगठा लपतो. म्हणजे नवीन क्रिम्पिंग टूल घ्यायचं! मोठं! आयुष्यात मला दागिन्यांच्या दुकानात कधी काही झालं नाही, पण हत्यारांच्या दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला की माझ्या अंगात येतं.

१२ जानेवारी

दुकानदाराचं नाव काही असेल ते असो, आम्ही त्यांना दोनचष्मे म्हणतो. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर, आणि तिसरा हरवला म्हणून गल्ल्यावर चाचपडत असतात. पंचेचाळिशीचे असतील. दुकानाच्या वरच्या खोलीत एकटेच राहतात. बोलायला इतके हळू की ‘या, बसा’ पूर्ण होईपर्यंत आपण बसून उठायच्या बेतात असतो. मी टूल मागितलं तर म्हणाले, “आधी केबल दाखवा. आपण दाबू, कापू, बघू. मग ठरवा.”

त्यांच्याकडे केबलचे जुने तुकडे होते, पण ताई म्हणाल्या, “नमुना त्याच केबलचा हवा. दुसऱ्या तारा वेगळ्या बसतात.”

दोनचष्म्यांनी दोन्ही चष्मे नीट केले आणि ताईंकडे बघितलं. “हे आजवर मला कुणी म्हटलं नव्हतं,” म्हणाले. मग ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. तो कोणत्या नंबरचा चष्मा आहे ते बघत असाव्यात.

१५ जानेवारी

वेटोळ्याच्या टोकाची वीतभर केबल करवतीने कापली. सोलली की चार गाभ्यांचे चार तुकडे मिळतात. एवढं वेटोळं पडलंय, वीतभराने काय होतंय!

पहिलं टूल लांब दांड्यांचं. बाहूएवढ्या दोन दांड्या, मध्ये जबडा. दोनचष्मे म्हणाले, हे एवढ्या मोठ्या लगला पुरणार नाही. मी म्हटलं, बघू तर! एक दांडी ताईंनी जमिनीवर दाबून धरली आणि दुसरीवर मी लटकले. अक्षरशः लटकले, पाय जमिनीला लागत नव्हते. जबडा ढिम्म. मग दोनचष्मे ‘माफ करा हं’ म्हणत माझ्या शेजारी लटकले. त्यांचा वरचा चष्मा घसरून खालच्या चष्म्यावर बसला. ताई हसल्या! आवाज करून हसल्या! लग्न होऊन मी या घरात आल्यापासून हे मी पहिल्यांदा ऐकलं.

दाबलेला लग मग आडवा कापायचा. खरी मजा ती. टूल चांगलं असेल तर आत तारा वेगळ्या दिसतच नाहीत, सगळं मिळून एक सलग चकाकती चकती होते. आमच्या चकतीत पावासारखी भोकं होती.

दांड्यांचं टूल बाद. पण मला चकत्या कापायचं वेड लागणार असं दिसतंय.

१९ जानेवारी

आज बॅटरीवालं बघितलं!!

ड्रिलसारखं हातात धरायचं, जबड्यात लग ठेवायचा, बटण दाबायचं. घर्र्र्र... कट्. झालं! मी म्हटलं, पुन्हा. घर्र्र्र... कट्. परत केबल कापून आणली होती, म्हणून चार तुकडे होते. चारही मीच दाबले. दोनचष्म्यांनी ताईंना विचारलं, “तुम्हाला नाही बघायचं?” ताई म्हणाल्या, “तिचं होऊ दे.” मग ती दोघं बाकावर बसून मला बघत चहा पीत होती. बराच वेळ.

चकती कापली तर आरसा! तिच्यात मला माझं नाक दिसलं. मी ती पर्समध्ये घालून आणली.

घरभर घर्र्र कट् करत फिरले. सासूबाई म्हणाल्या, “अगं, ते टूल घरात आलं तर तू माझ्या बोटाला लग लावशील.” त्यांनी आयुष्यभर शिवणकाम केलंय, हत्याराचं सुख त्यांना कळतं. त्यांनाही एक चकती दिली. कापड कापताना वजन म्हणून ठेवताहेत.

२४ जानेवारी

ताई आज एकट्याच दुकानात गेल्या. मला म्हणाल्या, डाय तपासायच्या आहेत. डाय म्हणजे टूलच्या जबड्यात बसणारे दोन साचे. लगच्या मापाची डाय नसेल तर दाब चुकतो. बरोबरच आहे त्यांचं. जाताना बागेतून आणखी वीतभर केबल कापून नेली.

मी म्हटलं, मीही येते. तर सासूबाई पटकन म्हणाल्या, “जाऊ दे गं तिला एकटीला. तू कशाला मधे?” शिवणकामात एकाग्रता लागते म्हणून त्यांना तसं वाटत असावं.

ताईंनी तो निळा कुर्ता घातला होता. इस्त्रीचा. ग्रीसच्या कामाला!

२८ जानेवारी

ताई पुन्हा दुकानात. आज हातपंपाच्या टूलची चाचणी होती. मी विचारलं, कसं वाटलं? म्हणाल्या, “चांगलं आहे. थोडं हळू आहे, पण घाई करत नाही हे चांगलंच.” मी विचारलं, दाब पुरेसा येतो? त्या म्हणाल्या, “काय? हो. दाब. येतो.”

ताईंच्या खोलीत खिडकीवर चकत्यांची रांग लागलीय. मी मोजायला गेले तर त्यांनी पडदा ओढला. केवढी चिकाटी! एका टूलवर इतका अभ्यास करणारं माणूस आपल्या फर्ममध्ये आहे याचा मला अभिमान वाटला. आणि लगेच धास्तीही वाटली, कारण कारखान्यालाही नेमकं असंच माणूस हवंय.

१ फेब्रुवारी

आज दिवस वाईट गेला.

ताई म्हणाल्या, “बॅटरीवालंच घे.” मी आनंदाने उडी मारणार, तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. “एका हाताने चालतं. उद्या एकटी असलीस तरी तुला जमेल.”

एकटी असलीस तरी. म्हणजे ठरलंच की! जायचं ठरलं, आणि जाण्याआधी माझी सोय लावून जाताहेत, जसं कुणी गावाला जाताना फ्रीजमध्ये भाजी करून ठेवतं. मला रडू आलं. मी पॅनेलच्या खोलीमागे जाऊन रडले आणि नाक पुसून परत आले. ताईंनी विचारलं, डोळे का लाल? ॲल्युमिनियमचा कीस गेला म्हटलं.

कालपर्यंत मी त्या घर्र्र कट् वर जीव टाकत होते. आज त्या टूलचा फोटो बघितला आणि सवत बघितल्यासारखं झालं.

३ फेब्रुवारी

मला पायपंपवालं हवं. मी ठाम आहे.

यात दाबायचं डोकं वेगळं, पंप वेगळा, मध्ये लांब नळी. एकीने डोकं लगवर धरायचं, दुसरीने खाली पायाने पंप मारायचा. अरुंद पॅनेलमध्ये डोकं मस्त शिरतं. बॅटरी संपायची भीती नाही. आणि हे टूल एकटीला चालवताच येत नाही! दोघी लागतातच! (शेवटची दोन वाक्यं मी ताईंना बोलले नाही. बाकी सगळं तांत्रिक मुद्दे म्हणून मांडलं. माझ्या तोंडून तांत्रिक मुद्दे ऐकून त्या चकित झाल्या.)

दुकानात गेलो. मी पंप मारायला पाय उचलणार, तर दोनचष्मे पुढे झाले. “मी मारतो. तुम्ही दोघी बघा.” ताईंनी डोकं धरलं. दोनचष्म्यांनी एकदा पाय दाबायचा, थांबायचं, विचारायचं, “ठीक?” ताईंनी म्हणायचं, “ठीक.” मग पुन्हा एकदा. एक लग दाबायला त्यांनी इतका वेळ घेतला की मी तेवढ्यात समोरच्या दुकानातून नवऱ्याने सांगितलेलं सगळं सामान घेऊन आले. आले तर अजून “ठीक?” “ठीक.” चालूच! मी त्यांना स्पष्ट सांगितलं, हे टूल वाईट नाही, चालवणाऱ्याचा वेग वाढायला हवा.

दोनचष्म्यांनी कपाळावरचा चष्मा काढून ताईंच्या हातात दिला, का ते त्यांनाच ठाऊक, आणि ताईंनी तो कुर्त्याच्या टोकाने पुसून परत दिला.

५ फेब्रुवारी

आमच्यात पहिल्यांदा भांडण म्हणावं असं झालं. ताई म्हणतात बॅटरी, मी म्हणते पायपंप. “तूच तर बॅटरीसाठी नाचत होतीस!” “माणसाचं मत बदलतं!” “इतकं?” “हो, इतकं!” नवरा बेकरीतल्या कामावरून आला होता, पिठाच्या हातांनी दाराशी उभा राहून हसत होता. मी म्हटलं, हसायला काय झालं? म्हणाला, “एकीला टूल हवंय म्हणून दुकान, एकीला दुकान हवंय म्हणून टूल.” पहाटे उठणाऱ्या माणसाच्या बोलण्याला फार अर्थ नसतो.

शेवटी ताई म्हणाल्या, “उद्या मी आणखी एक चाचणी करून येते. मग ठरवू.”

६ फेब्रुवारी

ताई परत आल्या आणि दारातच म्हणाल्या, “पायपंपवालं घेऊ.”

मी जिंकले! माझे तांत्रिक मुद्दे पटले! सासूबाईंना मिठी मारली, त्यांच्या तोंडातल्या टाचण्या माझ्या खांद्याला टोचल्या तरी सोडलं नाही. नंतर ध्यानात आलं की टूल दोघींचं घेतलं म्हणून दुसरी थांबेलच असं नाही. पण आजचा दिवस त्याचा विचार करायचा नाही असं ठरवलंय.

ताईंचा चेहरा आज कसा तरी उजळलेला होता. चर्चेचा निकाल लागला की माणसाला हलकं वाटतं.

१० फेब्रुवारी

मेलो!!!

टूल आलं. काय देखणं आहे! पॅनेल भिंतीवर बसवून झालंय. सगळं मांडलं, डबीत कडं-अंगठी-घड्याळ टाकलं, केबल उचलून पॅनेलमध्ये घातली, आणि ती पट्टीपर्यंत पोचेना. ओढली. पोचेना. वेटोळं कुठाय? वेटोळं नाहीच! वेटोळं कधीचंच संपलंय! चक्क हातभर कमी!

ताई टेप हातात घेऊन उभ्या. मापं घेणाऱ्या ताई! आजवर त्यांच्या हातून नखभर माप चुकलेलं नाही. चेहरा पांढराफटक.

“कुणी कापली?” त्या म्हणाल्या.

मी हात वर केला. मग थोड्या वेळाने त्यांनीही केला. मी चार-पाचदा कापली होती. त्यांनी किती वेळा, हे त्या पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघ ओढत सांगत होत्या, मला नीट ऐकू आलं नाही. प्रत्येक वेळी प्रत्येकीच्या मनात एकच, एवढं वेटोळं पडलंय, वीतभराने काय होतंय! त्यात मी एक तुकडा सासूबाईंना दाराला टेकण म्हणून दिला होता, नवऱ्याने एक बेकरीत कणकेच्या झाकणावर ठेवायला नेला होता. अख्खं घर पाळण्याची केबल वापरतंय.

मध्येच जोड देता येतो का? काकांनी आधीच सांगितलंय, मध्ये जोड नको. आणि खरं तर आम्हालाही नको. नवीन केबल टाकायची तर चर उकरण्यापासून सुरुवात, आणि वीस तारीख तोंडावर. माझी पाचावर धारण बसली. ताई खाली बसल्या आणि म्हणाल्या, “चूक माझी. मी तिथे उगाच जात होते.” मी म्हटलं, “उगाच कसं? चाचण्या होत्या!” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. मग कुणास ठाऊक का, मला हसू आलं. सगळ्यात उत्तम नमुना घ्यायच्या नादात आम्ही मालच संपवला! ताईही हसायला लागल्या. पाळणेवाले काका डोकावले, दोघींना भिंतीला टेकून खो-खो हसताना बघितलं आणि काम झालं असं समजून निघून गेले.

११ फेब्रुवारी

केबल पॅनेलपर्यंत येत नसेल तर पॅनेल केबलपर्यंत न्यायचं! हे ताईंना सकाळी दात घासताना सुचलं. फेस तोंडात तसाच ठेवून त्या मला सांगायला धावत आल्या.

पॅनेल खोलीच्या पलीकडच्या भिंतीवर होतं, केबल येते अलीकडच्या भिंतीखालून. त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला मोकळी जागा आहे, तिथे घेतलं की जेमतेम पोचते. पण मोटरकडे जाणाऱ्या तारा पुन्हा ओढायच्या, भिंतीला नवी भोकं पाडायची, आणि ते जडशीळ पॅनेल उचलायचं. ताईंनी काकांना सगळं खरं सांगितलं, आमच्या चाचण्यांसकट. काकांनी डोक्याला हात लावला, मग अलीकडच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले. तिथे खिडकी आहे. “इथून पाळणा दिसतो की,” म्हणाले. “तिकडून मला नुसती भिंत दिसायची. हलवा.”

हलवायला कोण? नवरा बेकरीतली पाळी संपवून आला. सासूबाई सूचना द्यायला आल्या. आणि दुकान बंद करून दोनचष्मे आले! त्यांना कुणी कळवलं देव जाणे. सगळ्यांनी मिळून पॅनेल उचललं. “ठीक?” “ठीक.” “ठीक?” “ठीक.” सासूबाई ओरडल्या, “अरे, ठीक काय करताय, चला पुढे!” नवऱ्याच्या हातात हसून ताकद उरेना, आणि पॅनेल मध्येच खाली टेकवावं लागलं.

पण बसलं. केबल आत घातली तर पट्टीच्या पुढे बोटभर उरली. ताईंनी ते बोट तीनदा मोजलं.

१३ फेब्रुवारी

आज लग दाबले. तारा ब्रशने घासल्या, लगच्या नळीत तळापर्यंत घातल्या. ताईंनी डोकं धरलं, मी पंपावर पाय ठेवला. पहिला दाब, दुसरा, तिसरा... पायाखाली पंप जड जड होत जातो आणि मग ‘टक्’ करून सुटतो. ते टक् मला घर्र्र कट् पेक्षा कितीतरी जास्त आवडलं.

शेवटच्या लगला ताई पॅनेलमध्ये डोकं घालूनच म्हणाल्या, “त्या कारखान्याला मी नाही कळवलं.”

“म्हणजे अजून कळवलं नाही?”

“नाही असं कळवलं, वेडे.”

माझा पाय पंपावर तसाच थांबला.

“हे टूल दोघींशिवाय चालत नाही ना,” त्या म्हणाल्या. “तू काय समजलीस, मला तुझे तांत्रिक मुद्दे कळले नाहीत?”

मी तिथेच मोठ्याने रडले. ॲल्युमिनियमच्या किसाचं कारण या वेळी सांगितलं नाही. ताई आतून म्हणाल्या, रडून घे, पण पंप मारत रड, लग अर्धा दाबलाय.

१७ फेब्रुवारी

तपासणीसाहेबांनी सगळे जोड बघितले, एकेक बोल्ट आवळून बघितला, सही केली. चालू केलं. दिवे लागले. पाळणा हलला! वळला! फिरला! मी बागेतल्या गवतावर स्वतःभोवती फिरत राहिले, चक्कर येऊन बसेपर्यंत.

चाचणीच्या फेरीत काकांनी आम्हाला आधी बसायला सांगितलं. ताईंना उंचीची भयंकर भीती आहे, शिडीच्या चौथ्या पायरीवर त्या डोळे मिटतात. मी म्हटलं, तुम्ही खाली थांबा, मी बसते. तोवर त्या दोनचष्म्यांच्या शेजारी जाऊन बसल्यासुद्धा! म्हणाल्या, मोटरचा आवाज वरून कसा येतो ते ऐकायला हवं. हे खरं कामाचं वेड. फेरीमागून फेरी त्या काही उतरल्या नाहीत.

२६ फेब्रुवारी

नवऱ्याच्या बेकरीत नवी भट्टी बसवताहेत, तिचं पॅनेल आमच्याकडे आलं. दुसरं मोठं काम!

सकाळी टूल उघडलं. डबी काढली. माझं कडं टाकलं, अंगठी टाकली, घड्याळ टाकलं. झाकण लावणार, तोच ताई म्हणाल्या, “थांब.”

त्यांनी बोटातून काहीतरी ओढून काढलं आणि डबीत टाकलं. टण् वाजलं. फर्म सुरू झाल्यापासून त्या डबीत माझ्याशिवाय कुणाचं काही वाजलं नव्हतं.

मी ते उचलून उजेडात धरलं. तांब्याच्या लगच्या नळीचा काप होता. गोल, कडा कानशीने घासून घासून गुळगुळीत केलेल्या, चकचकीत. पण आपण तर ॲल्युमिनियमशिवाय काहीच दाबलेलं नाही!

“ताई, ही कोणत्या चाचणीची?” मी म्हटलं. “आणि हिच्यात तारच नाही. दाबसुद्धा दिलेला नाही. रिकामा लग कापून काय कळणार?”

ताईंचे कान लाल झाले होते. भट्टीपाशी नवऱ्याच्या हातातून पावांचा ट्रे पडला आणि तो खाली बसून हसायला लागला.

आणि मग मला सगळं एकदम दिसलं. निळा कुर्ता. बाकावरचा चहा. पुसलेला चष्मा. “ठीक?” “ठीक.” पाळण्याच्या फेऱ्या. खिडकीवरची चकत्यांची रांग. हातभर केबल, माझ्या डोळ्यांसमोर, वीत वीत करून कुठे गेली ते! आणि मी त्या बिचाऱ्या माणसाला वेग वाढवायला सांगितलं होतं!

“ताई!” मी इतक्या जोरात ओरडले की बेकरीतले सगळे बघायला लागले.

“ओरडू नकोस. आणि झाकण घट्ट लाव,” ताई म्हणाल्या. “हरवली तर दुसरी घासायला ते आणखी महिनाभर लावतील.”

मी झाकण घट्ट लावलं आणि डबी खिशात ठेवली. ताईंनी टूलचं डोकं लगवर धरलं, मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “ठीक?” मी नुसता पंपावर पाय ठेवला. प्रत्येक दाबाला खिशातली डबी वाजत होती.